टूरिंग मोटरसायकलवर डोक्याला बसणारे वाऱ्याचे तडाखे टप्प्याटप्प्याने कसे कमी करावेत

लांबच्या प्रवासात हेल्मेट सतत थरथरत असेल, मान आखडत असेल आणि तासाभरातच डोके जड होत असेल, तर बहुतेक जण बाजारातील सर्वांत उंच विंडशील्ड विकत घेतात. छातीवरचा वारा त्याने कमी होतो. डोक्यावरचे तडाखे मात्र पुष्कळदा वाढतात. मग त्या शील्डवर आणखी एक डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारी छोटी पट्टी, चढतो, त्यानंतर नवे हेल्मेट येते, आणि शेवटी दोष नेमका कशात होता हे कोणालाच सांगता येत नाही. हा गोंधळ टाळायचा असेल तर कामाचा क्रम पाळावा लागतो. वारा कोठून येतो ते आधी शोधावे, मग पैसे न लागणारे बदल करावेत आणि खरेदीचा विचार अगदी शेवटी करावा.

विंडशील्ड वारा अडवते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती वाऱ्याची दिशा बदलते. तिच्या कडेबाहेरून वेगवान हवा जात असते आणि तिच्यामागे मंद, कमी दाबाची हवा असते. नदीच्या प्रवाहात खडकाच्या मागे पाणी जसे गरगरते, तसे या दोन थरांच्या सीमेवर भोवरे तयार होतात. हेल्मेट या सीमेवर आले की ते भोवरे त्याच्यावर एकामागून एक आदळतात. यालाच चालक बफेटिंग म्हणतात. शील्ड अजिबात नसलेल्या गाडीवर छातीवर दाब बराच येतो, पण तो एकसारखा असतो आणि डोके सहसा स्थिर राहते. म्हणून हेल्मेट पूर्णपणे स्वच्छ वाऱ्यात असावे किंवा पूर्णपणे शांत हवेत असावे. या दोहोंच्या मधली जागा त्रासाची असते. तुमची उंची, सीटची उंची आणि हँडलमुळे ठरणारी बैठक यांवर ही जागा अवलंबून असल्याने, मित्राच्या गाडीवर उत्तम ठरलेली शील्ड तुमच्या त्याच गाडीवर निरुपयोगी ठरू शकते.

पूर्वतयारी

सर्वांत आधी त्रास वाऱ्याचाच आहे याची खात्री करावी. हात स्थिर असताना केवळ डोके आणि खांदे हलत असतील, तर कारण बहुधा वारा असतो. हँडलच डोलत असेल किंवा गाडीचा मागचा भाग सापासारखा वळवळत असेल, तर विंडशील्डला हात लावण्यापूर्वी गाडी तपासावी. टायर थंड असताना हवा पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी भरावी. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांचे, दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवावेत आणि स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये खटका जाणवतो का ते पाहावे. चाकांच्या बेअरिंगमध्येही अशीच ढिलाई आहे का हे बघून घ्यावे. येथे दोष सापडला तर तो दुरुस्त होईपर्यंत पुढचे काहीही करू नये.

चाचणीसाठी मागची टॉप बॉक्स, पाठीवरची सॅक आणि टाकीवरची बॅग काढून ठेवावी. कोणताही एक बदल केल्यानंतर त्याचा परिणाम ओळखता यावा म्हणून बाकी सर्व गोष्टी, म्हणजे हेल्मेट, जॅकेट, रस्ता आणि वेग, दर वेळी त्याच ठेवाव्यात.

रस्ता सरळ, दुभाजक असलेला आणि रहदारी कमी असलेला हवा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींसाठी बंद आहेत, त्यामुळे आपल्याकडे ही चाचणी प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्गांच्या चौपदरी टप्प्यांवरच करावी लागते. अशा रस्त्यांवर मोटरसायकलसाठी केंद्राने 2018 मध्ये ठरवलेली कमाल वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे आणि चाचणीही त्याच वेगात करावी. हा वेग दोष ओळखायला पुरेसा आहे. गाडीचा स्पीडोमीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतो, म्हणून निघण्यापूर्वी फोनवरील जीपीएसशी एकदा ताडून पाहावे आणि खऱ्या 80 ला काटा कोठे असतो ते लक्षात ठेवावे.

वेळ पहाटेनंतरची, वारा पडलेला असताना निवडावी. जून ते सप्टेंबर या काळात चाचणी टाळलेली बरी. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून येतात आणि पुणे–सातारा महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण असल्याने साताऱ्याकडे जाताना ते उजव्या अंगावर आणि परतताना डाव्या अंगावर आदळतात. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. अशा आडव्या वाऱ्यात विंडशील्डची पारख होत नाही. वर्षभर कोणत्याही दिवशी प्रत्येक चाचणी एकाच टप्प्यावर जाताना आणि येताना अशी दोन्ही दिशांनी करावी.

सामान थोडेच लागते: ॲलन की, शील्डच्या मूळ स्क्रूच्याच जाडीचे पण थोडे लांब स्क्रू, रबरी आणि नायलॉनचे वॉशर, मास्किंग टेप, लोकरीचे रंगीत धागे, मोजपट्टी आणि एक वही. वहीत प्रत्येक फेरीनंतर डोक्याची थरथर, आवाज आणि छातीवरचा दाब यांना शून्य ते पाच असे स्वतंत्र गुण द्यावेत.

सावधान: आवाज आणि तडाखे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण थकलेल्या मेंदूला त्या एकच वाटतात. म्हणून चाचणीच्या प्रत्येक फेरीत फोमचे इअरप्लग घालावेत. ते वाऱ्याची घरघर कमी करतात आणि हॉर्न तरीही ऐकू येतो. गाणी ऐकण्याचे इअरफोन हा त्यांना पर्याय नाही.

टप्पा 1: वारा कोठून येतो ते शोधणे

हा टप्पा वगळणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे आणि पुढचा बहुतेक खर्च त्यामुळेच वाया जातो. एका सकाळी पुढील चाचण्या या क्रमाने कराव्यात.

पहिली चाचणी बैठकीची. ठरलेल्या वेगात स्थिर झाल्यावर पाठ ताठ करून, गरज पडल्यास फूटरेस्टवर किंचित भार देऊन, डोके हळूहळू वर न्यावे आणि थरथर थांबून वारा एकसारखा लागू लागतो ती उंची लक्षात ठेवावी. त्यानंतर कमरेतून वाकून डोके हळूहळू खाली आणावे आणि शांत हवा कोठे मिळते ते पाहावे. घरी आल्यावर गाडी मुख्य स्टँडवर लावून नेहमीची, वरची आणि खालची अशा त्याच तीन बैठका पुन्हा घ्याव्यात आणि कोणाला तरी हेल्मेटच्या माथ्यापासून टाकीच्या झाकणापर्यंतचे अंतर मोजायला सांगावे. नेहमीच्या बैठकीपेक्षा स्वच्छ वारा चार सेंटिमीटर वर आणि शांत हवा पंधरा सेंटिमीटर खाली असेल, तर शील्ड उंच करण्यापेक्षा थोडी बुटकी करणे सोपे आहे, हे येथेच कळते. ही दोन अंतरे माहीत नसताना शील्ड विकत घेणे म्हणजे माप न देता कपडे शिवून घेणे होय.

दुसरी चाचणी हाताची. रस्ता पूर्ण मोकळा असताना डावा तळहात शील्डच्या मागे धरून हळूहळू वर, मग कडेकडे आणि शेवटी टाकी व हँडल यांच्यामधल्या जागेत न्यावा. झोत कोठून वर उसळतो ते हाताला स्पष्ट कळते. ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताला असल्याने तो हात हँडलवरून कधीही काढू नये.

तिसरी चाचणी शील्ड काढून करायची. अनेक गाड्यांवर चार स्क्रू काढले की ती निघते. थरथर नाहीशी होऊन केवळ सरळ वारा उरला, तर दोष शील्डच्या उंचीत, कोनात किंवा फटीत आहे. थरथर तशीच राहिली, तर हेल्मेट, कपडे किंवा खालून येणारी हवा यांच्याकडे पाहावे. शील्डच्या पट्ट्यांवरच हेडलाइट किंवा मीटर टेकलेले असेल, तर मात्र ती काढून गाडी चालवू नये.

चौथी चाचणी धाग्यांची आणि ती मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. सुमारे आठ सेंटिमीटर लांबीचे लोकरीचे धागे शील्डच्या वरच्या कडेला, दोन्ही बाजूंना, आरशांच्या दांड्यांवर आणि टाकीच्या पुढच्या भागावर टेपने चिकटवावेत. मागच्या कॅरियरवर ॲक्शन कॅमेरा घट्ट बसवून चित्रीकरण करावे आणि ते घरी सावकाश पाहावे. सरळ मागे ताणलेला धागा म्हणजे स्वच्छ प्रवाह, गरगर फिरणारा धागा म्हणजे भोवरा आणि पुढच्या दिशेने वळलेला धागा म्हणजे शील्डमागच्या कमी दाबामुळे उलटी खेचली जाणारी हवा. चित्रीकरणासाठी दुसरी गाडी शेजारून चालवायला लावू नये. त्या गाडीने ढवळलेला वारा चाचणी बिघडवतो आणि दोघांचाही जीव धोक्यात येतो.

तपासणी: ट्रक किंवा बसच्या मागे असतानाच तडाखे बसत असतील, तर दोष तुमच्या गाडीचा नाही. अवजड वाहनामागची हवा ढवळलेलीच असते आणि कोणतीही शील्ड ती सरळ करू शकत नाही. तेथे अंतर वाढवणे हाच उपाय आहे.

टप्पा 2: हेल्मेट आणि कपडे

हेल्मेट सैल असेल तर साधा वाराही तडाख्यासारखा वाटतो. पट्टा बांधून हेल्मेट दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवावे. गालांची त्वचा त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. त्वचा जागेवर राहून हेल्मेटच फिरत असेल, तर गालांचे पॅड बदलावेत किंवा लहान माप घ्यावे. वर्षानुवर्षे वापरलेल्या हेल्मेटचा फोम दबून असेच होते.

साहसी प्रकारच्या हेल्मेटला पुढे जी टोपीसारखी झडप असते, ती वारा पकडते. ती काढता येत असेल तर काढून एक फेरी मारावी. कित्येकांचा शोध येथेच संपतो. हनुवटीखाली कापडी पडदा बसवला तर खालून आत शिरणारी हवा कमी होते. जॅकेटची कॉलर, दंड आणि कंबर येथील पट्टे आवळून घ्यावेत, कारण फडफडणाऱ्या कॉलरचे हिसके थेट हेल्मेटला बसतात. सैल रेनकोट घालून चाचणी करू नये.

टप्पा 3: खालून वर येणारी हवा

फोर्कच्या दोन पायांमधून आणि हेडलाइटच्या खालून आत शिरलेली हवा टाकीवर आपटून थेट हनुवटीकडे उसळते. साहसी आणि उघड्या बांधणीच्या गाड्यांवर हे प्रमाण मोठे असते. ओळखण्याची सोपी रीत अशी की टाकीवर एक साधारण भरलेली टँक बॅग ठेवून फेरी मारावी. थरथरीत ठळक फरक पडला, तर हवा खालूनच येत आहे.

उपाय म्हणून फोर्कच्या बाजूला लावायचे छोटे डिफ्लेक्टर मिळतात. विकत घेण्यापूर्वी जाड रेक्झिनचा तुकडा कापून, तो फोर्कच्या वरच्या आणि खालच्या पकडींच्या मध्ये केबल टायने ताणून बसवावा आणि फरक पडतो का ते पाहावे.

सावधान: हा तुकडा हँडलबरोबर फिरतो, म्हणून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून केबल, ब्रेकची नळी किंवा वायर कोठेही ओढली जात नाही हे पाहावे. लिक्विड कूलिंगच्या गाडीत रेडिएटरवर येणारी हवा अडता कामा नये. पहिल्या फेरीत तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे.

टप्पा 4: शील्डची फट आणि कोन

नवी शील्ड घेण्याआधी असलेल्या शील्डची फट आणि कोन बदलून पाहणे हा या संपूर्ण कामातील सर्वांत फलदायी भाग आहे आणि त्याला वॉशरपलीकडे खर्च नाही.

शील्ड आणि हेडलाइटचे कव्हर यांच्यामध्ये फट दिसली की ती रबराने किंवा फोमने बुजवण्याची अनेकांना घाई होते. वारा आत येतो म्हणजे गळती आहे, असा तो तर्क असतो. पण ही फट पुष्कळदा उपयोगाची असते. तिच्यातून आत येणारी थोडी हवा शील्डमागचा कमी दाब भरून काढते. त्यामुळे कडेवरून जाणारा प्रवाह आत वळत नाही आणि भोवरे सौम्य होतात. म्हणून आधी फट वाढवून पाहावी. शील्डच्या चारही स्क्रूंखाली सारख्या जाडीचे वॉशर घालून ती सुमारे 10 मिलिमीटर पुढे आणावी आणि फेरी मारावी. सुधारणा झाली तर आणखी 5 मिलिमीटर वाढवावेत. धाग्यांच्या चाचणीत जे धागे उलटे पुढे वळत होते, ते आता लोंबकळू लागले किंवा मागे गेले, तर दिशा बरोबर आहे.

त्यानंतर कोन बदलावा. केवळ खालच्या स्क्रूंखाली वॉशर घातले की शील्ड चालकाकडे झुकते, आणि केवळ वरच्या स्क्रूंखाली घातले की ती अधिक उभी होते. उभ्या शील्डवरून हवा जास्त वर फेकली जाते, त्यामुळे झोताची सीमा उंचावते, पण मागचे भोवरेही जोरकस होतात. झुकलेल्या शील्डवरून प्रवाह तुलनेने सुरळीत जातो, पण तो कमी उंचीवर राहतो. उंच चालकाने बुटकी शील्ड झुकवली तर स्वच्छ वारा हेल्मेटपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. मध्यम उंचीच्या चालकाला शांत हवा हवी असेल तर आधी किंचित उभा कोन आणि मोठी फट हे दोन्ही एकत्र वापरून पाहावेत. फटीच्या पहिल्या 10 मिलिमीटरनंतर एका वेळी 5 मिलिमीटरपेक्षा मोठा बदल करू नये आणि फट व कोन दोन्ही बदलायचे असले तरी ते एकाच फेरीत बदलू नयेत.

तपासणी: स्क्रूचे आटे नटमध्ये किमान स्क्रूच्या जाडीइतके खोल गेले पाहिजेत. वॉशर वाढवले की स्क्रूही लांब घ्यावा लागतो. शील्ड प्लॅस्टिकची असल्याने स्क्रूखाली रबरी वॉशर असावाच आणि तो किंचित दबेल इतकेच आवळावे. स्क्रू सुटू नये म्हणून लावण्याचे द्रव थ्रेडलॉकर येथे वापरू नये; त्याने ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. नायलॉनची कडी असलेला नट घ्यावा.

टप्पा 5: उंची ठरवणे

फट आणि कोन यांनी काम झाले नाही, तरच उंचीकडे वळावे. पहिल्या टप्प्यात मोजलेली दोन अंतरे आता कामाला येतात.

स्वच्छ वारा जवळ असेल तर बुटकी शील्ड घ्यावी. छातीवर दाब वाढेल, पण ताशी 80 च्या आसपास तो सहन होतो आणि उन्हाळ्यात तर हवासाच वाटतो. हा पर्याय विनाकारण दुर्लक्षित राहतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास तो सुमारे दीडपट होतो. शंभराच्या वर नेहमी चालवणाऱ्या परदेशी चालकांचा सल्ला आपल्या वेगाला जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे हे कारण आहे.

शांत हवा जवळ असेल तर उंच शील्ड घ्यावी, पण तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेखालीच राहिली पाहिजे. साधारण नाक ते हनुवटी यांच्यामधल्या उंचीवर कड असली तरी पुरते, कारण हवा कडेवरून सुटताना आणखी वर उसळते. शील्डमधून आरपार पाहावे लागेल इतकी ती उंच नको. पावसात किंवा रात्री समोरून येणारा प्रकाश ओल्या, ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकवर पसरतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

अंदाज घेण्यासाठी फलक बनवणाऱ्याकडून सनबोर्डाचा तुकडा आणून शील्डच्या आकारात कापावा आणि मूळ शील्डला आतून टेपने घट्ट चिकटवावा. कड दोन-दोन सेंटिमीटरने खाली कापत नेली की योग्य उंची सापडते. ही चाचणी ताशी 60 च्या वर करू नये आणि बोर्ड दृष्टीच्या आड येऊ देऊ नये.

चिमट्याने बसणारा डिफ्लेक्टर लावायचा असेल, तर तो शील्डच्या कडेला चिकटून नसावा. दोहोंच्या मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची मोकळी जागा ठेवावी. त्या फटीतून जाणारा झोत मागचे भोवरे मोडतो. डिफ्लेक्टरचा कोन शील्डपेक्षा किंचित आडवा ठेवून सुरुवात करावी.

शील्ड कापून बुटकी करायची झाल्यास दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून रेघ आखावी, बारीक दातांच्या पात्याने सावकाश कापावे आणि कड पॉलिश पेपरने गोल करावी. ॲक्रिलिक पटकन तडकते, म्हणून ते काम सवय असलेल्या कारागिराकडे द्यावे. कडेवरचा कचरा पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये.

टप्पा 6: दोन्ही बाजू

खांद्यांवर आणि हेल्मेटच्या बाजूंवर तडाखे बसत असतील, तर शील्ड अरुंद आहे किंवा हँडगार्ड आणि आरसे झोत आत वळवत आहेत. आरसे थोडे बाहेर फिरवून पाहावेत. लेग गार्डवर लावलेले जादा दिवे उंचावर असतील तर ते खाली आणावेत. बाजूचे छोटे डिफ्लेक्टर येथे उपयोगी पडतात, पण त्यांच्यापायी हँडल पूर्ण वळत नसेल तर ते त्वरित काढावेत. गल्लीत गाडी वळवताना अडकलेले हँडल माणसाला गाडीसकट खाली पाडते.

टप्पा 7: सामान आणि मागे बसणारी व्यक्ती

एकट्याने जमवलेली मांडणी सामान चढल्यावर पुन्हा तपासावी. मागे भार आला की गाडीचे पुढचे तोंड वर होते आणि शील्डचा कोन आपोआप बदलतो. म्हणून मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, भारानुसार वाढवावा आणि मगच निष्कर्ष काढावा. जड सामान खाली, दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगांमध्ये समान वाटावे. टॉप बॉक्समध्ये हलक्या वस्तूच ठेवाव्यात आणि कॅरियरवर लिहिलेली वजनाची मर्यादा पाळावी.

मागची सीट बहुतेक गाड्यांवर उंच असते, त्यामुळे चालकासाठी शांत झालेला वारा मागच्या व्यक्तीच्या डोक्यावर फुटू शकतो. तिचा त्रास तिलाच विचारावा आणि तिचे गुण वहीत वेगळे लिहावेत. दोघांपैकी एकाचीच सोय होत असेल, तर मागच्या व्यक्तीची निवडावी असे माझे मत आहे, कारण चालकाला पुढचा रस्ता दिसतो आणि तो वाकू शकतो, मागच्याला त्यातले काहीच करता येत नाही.

अंतिम मांडणी ठरल्यावर वॉशरची संख्या आणि जाडी वहीत लिहून ठेवावी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर शील्डचे सर्व स्क्रू हाताने तपासावेत, छिद्रांभोवती तडा दिसतो का ते उजेडात पाहावे आणि हँडल पुन्हा एकदा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघावे.